वर्षाच्या माथ्यावरचे सण



मे महिन्याच्या सुटींत माझा नातू एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातांत घेऊन ओटीवर आला. टोल्किन नांवाच्या इंग्रज प्राध्यापकानें लिहिलेली ती तीन खंडांची अद्भुतकथा होती. तिचा तिसरा खंड १९५५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शेवटीं जोडलेल्या परिशिष्टांत कथेंतल्या ठेंगू शेतकरी लोकांचें संपूर्ण पंचांग दिलेलें आहे. तें पान माझ्यापुढें धरून नातवानें विचारलें, "आजोबा, ह्या लोकांना ऐन उन्हाळ्याच्या मध्यावर तीन दिवसांचा सण असतो. आपल्या वसईंत तसा सण कोणता?" मीं थोडा विचार करून सांगितलें, "वटपौर्णिमा." तो म्हणाला, "पण तिची तारीख तर दरसाल बदलते. मग खरा मध्य कोणता?"

छत्तीस वर्षें मीं मुलांना भूगोल शिकविला. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर मला एका वाक्यांत देतां येईना. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम त्या कल्पित पंचांगाची रचना पाहूं. त्यांत महिने बारा, आणि प्रत्येक महिना बरोबर तीस दिवसांचा. म्हणजे ३६० दिवस झाले. उरलेले पांच दिवस कोणत्याच महिन्यांत घातलेले नाहींत. दोन दिवस वर्षाच्या सांध्यावर, एक जुन्या वर्षाचा शेवटचा आणि एक नव्याचा पहिला. आणि तीन दिवस सहाव्या व सातव्या महिन्यांच्या मध्यें. त्या तिहींतला मधला तो वर्षमध्याचा दिवस. चार वर्षांनीं एकदां त्याच्या पाठोपाठ आणखी एक दिवस जोडतात, आणि तो सर्वांत मोठ्या मौजेचा समजतात. आणखी गंमत अशी कीं, वर्षमध्याच्या दिवसाला वारच नाहीं. तो एक दिवस बाजूला काढला म्हणजे ३६४ उरतात, म्हणजेच नेमके ५२ आठवडे. त्यामुळें प्रत्येक तारखेचा वार कायमचा ठरून जातो. एकदां छापलेली दिनदर्शिका पणतवापर्यंत चालावी!

हा हिशेब वाचून कोणाही शाळामास्तराला आनंद होईल. मलाही झाला. पण मग मीं कपाटांतून २०२४ सालची जुनी दिनदर्शिका काढली आणि तिच्यांतलें जूनचें पान नातवासमोर पसरलें.

त्या महिन्यांत सोमवार ता. १७ पासून पुढच्या सोमवारपर्यंतचे आठ दिवस आमच्या वसईंत कसे गेले तें पाहा. १७ तारखेस मुसलमान बांधवांची बकरी ईद झाली. २१ तारखेस सुवासिनींनीं वडाला सूत गुंडाळलें, ती वटपौर्णिमा. २२ तारखेस भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणें १ आषाढ १९४६ हा दिवस उगवला. त्याच सुमारास शेतकऱ्यांच्या गणनेनें सूर्य आर्द्रा नक्षत्रांत गेला. आणि २४ तारखेस चर्चमध्यें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मोत्सव झाला. आठ दिवसांत इतक्या निरनिराळ्या गणना एकाच गांवांतून चालल्या होत्या, आणि कोणाचें कोणावांचून अडलें नव्हतें. ह्या सर्वांच्या मध्यें खरा सूर्य आपल्या प्रवासाच्या उत्तर टोकाला पोंचला तो २१ तारखेच्या उत्तररात्रीं, वसई गाढ झोपेंत असतां.

आतां हें टोक म्हणजे काय तें थोडें समजून घेऊं. पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे. त्यामुळें सूर्य वर्षांतून सहा महिने उत्तरेकडे सरकतो आणि सहा महिने दक्षिणेकडे. उत्तरेकडची त्याची सीमा म्हणजे कर्कवृत्त. वसई साडेएकोणीस अंशांच्या किंचित् अलीकडे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून सूर्य आमच्या डोक्यावरून वर्षांतून दोनदां जातो. एकदां मेच्या मध्यास, वर जातांना. आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस, परत येतांना. ह्या दोहोंमधले सत्तर दिवस तो भर दुपारीं आमच्या उत्तरेस असतो. आम्हीं अंगणांत एक सरळ काठी रोवली. १७ मेच्या दुपारीं, घड्याळांत बारा वाजून पस्तीस मिनिटें झालीं तेव्हां, तिची सावली जवळजवळ नाहींशी झाली. नातवाला तो मोठा चमत्कार वाटला. मीं त्याला म्हटलें, "आतां जूनच्या एकवीसला पाहा. सावली दक्षिणेकडे पडेल. मीटरभर काठीची फार तर सात सेंटिमीटर."

परंतु जूनच्या एकवीसला पाहणार कसें? मोसमी पाऊस मुंबईच्या भागांत साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतो. ज्या दिवशीं सूर्य आपल्या सर्वोच्च स्थानीं असतो, त्या दिवशीं वसईकराला बहुधा सूर्यच दिसत नाहीं. आमच्या शास्त्राप्रमाणें ज्येष्ठ आणि आषाढ हे ग्रीष्माचे दोन महिने, आणि त्यांचा सांधा म्हणजे ग्रीष्माचा मध्य. शब्दानें पाहिलें तर विलायतेचा मध्यग्रीष्म आणि आमचा एकच ठरतो. पण ज्येष्ठाच्या अखेरीस वसईच्या माणसाला "हा उन्हाळ्याचा मध्य बरें कां" असें सांगा, तो छत्री उघडून हंसेल.

शिवाय दिनमानाचा फरकही आमच्याकडे बेताचाच. वसईचा सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा. लंडनला मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि लहान दिवस आठ तासांहून कमी. जेथें हिंवाळ्यांत दुपारींच अंधार पडतो, तेथल्या माणसाला जूनच्या लांबलचक संध्याकाळीचें केवढें अप्रूप वाटत असेल! म्हणून उत्तरेकडील लोकांनीं त्या रात्रीं टेंकड्यांवर होळ्या पेटवाव्या, त्यांभोंवतीं नाचावें, हें अगदीं स्वाभाविक होतें. युरोप ख्रिस्ती झाला तेव्हां त्या होळ्या विझल्या नाहींत. त्या योहानाच्या नांवानें पेटूं लागल्या.

२४ जून हीच तारीख कां, ह्याचें उत्तर बायबलांतील एका हिशेबांत आहे. योहान हा येशूपेक्षां सहा महिन्यांनीं मोठा, असें लूकच्या शुभवर्तमानावरून निघतें. येशूचा जन्मोत्सव २५ डिसेंबरला, म्हणून योहानाचा सहा महिने आधीं. मग २५ जून कां नाहीं? कारण रोमन लोक महिन्याचे दिवस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून उलटे मोजीत, आणि ती पहिली तारीखही मोजणींत धरीत. १ जानेवारीपासून उलटा आठवा दिवस २५ डिसेंबर. पण जून तीस दिवसांचा, म्हणून १ जुलैपासून उलटा आठवा दिवस २४ जून. रोमन गणनेंत हे दोन दिवस दोन अयनांचे मानलेले होते. एकापासून दिवस वाढत जातो, दुसऱ्यापासून घटत जातो. जुन्या धर्मोपदेशकांनीं ह्यांतून असा अर्थ काढला कीं, योहानानें मागें सरावें आणि येशूनें वाढावें, हें आकाशच सांगतें.

हा सण आमच्या किनाऱ्यावर गलबतांतून आला. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढें दोनशें वर्षें हा मुलूख त्यांच्या अमलाखालीं राहिला. सणाबरोबर त्यांचें पंचांगही आलें; आणि त्या पंचांगाला तेव्हां एक जुनें दुखणें होतें. ज्यूलिअस सीझरनें ठरविलेलें वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारें अकरा मिनिटांनीं मोठें होतें. अकरा मिनिटें म्हणजे कांहींच नव्हेत असें आपण म्हणूं. पण तीं सांचत सांचत सव्वाशें वर्षांत एक दिवस होतात. सोळाव्या शतकापर्यंत सूर्याचें टोक जूनच्या अकरा-बारा तारखेवर येऊन पडलें होतें, आणि योहानाचा सण मात्र चोवीसलाच चालला होता. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ सालीं दहा दिवस गाळले. पोर्तुगालांत गुरुवार ता. ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार ता. १५ ऑक्टोबर उजाडला. तारीख दहा घरें पुढें उडाली. वार मात्र तुटला नाहीं. ही गोष्ट ध्यानांत असूं द्या, कारण तिच्याकडे आपणांला परत यावयाचें आहे.

ही दुरुस्ती पोर्तुगिजांनीं मानली. इंग्रजांनीं ती १७५२ सालापर्यंत मानली नाहीं. त्यामुळें कितीतरी वर्षें वसईची खाडी ओलांडून मुंबईकडे गेलेला माणूस दहा-अकरा दिवस मागें जात असे! चिमाजी आप्पांच्या फौजेपुढें वसईच्या पोर्तुगिजांनीं हार पत्करली ती १६ मे १७३९ रोजीं. मुंबईच्या इंग्रजांच्या हिशेबानें त्या दिवशीं ५ मे होता. मराठ्यांच्या छावणींत त्याच दिवसाला शके १६६१, वैशाख शुद्ध पक्ष म्हणत होते. दिवस एक, नांवें तीन. आणि योगायोग असा कीं, वसईच्या माथ्यावर सूर्य येण्याचे, सावली लोपण्याचे दिवसही नेमके तेच.

गलबतांतून आलेल्या त्या सणाचें पुढें काय झालें, तें गोव्यांत उत्तम दिसतें. २४ जूनला तेथें 'सांजांव' असतो. फुलापानांचा मुकुट डोक्यावर घालून तरुण मंडळी वाजत-गाजत निघतात आणि विहिरींत, ओढ्यांत उड्या टाकतात. नव्या जांवयाचा त्या दिवशीं मोठा मान. उडीचें कारण असें सांगतात कीं, मरिया भेटीस आली तेव्हां योहानानें आईच्या उदरांत आनंदानें उडी मारली. कथा बायबलांतली, तारीख रोमची, सण पोर्तुगिजांचा. पण पोर्तुगालांतली होळी कोंकणपट्टीच्या पावसांत पेटणार कशी? तिच्या जागीं विहीर आली. तिकडे आगीवरून उडी, इकडे पाण्यांत उडी. उन्हाळाभर तळ दाखविणारी विहीर चोवीस जूनच्या सुमारास भरूं लागते, आणि त्या भरल्या पाण्याचा आनंद हाच सणाचा गाभा होऊन बसला. तारीख परदेशांतून आणतां आली; सण मात्र येथल्या मातीलाच घडवावा लागला.

आतां चंद्राच्या सणांकडे वळूं. चंद्राचे बारा महिने सुमारें ३५४ दिवसांत संपतात. सूर्याच्या वर्षाला ३६५ लागतात. दर वर्षीं अकरा दिवसांची तूट येते. ह्या तुटीचें काय करावयाचें, ह्यावर जगांत दोन मतें झालीं. मुसलमानी गणनेनें ती तूट भरून काढावयाची नाहीं, असा नियमच केला. म्हणून बकरी ईद २०२४ सालीं १७ जूनला आली, तर २०२५ सालीं ७ जूनला. सुमारें तेहतीस वर्षांत ती सगळ्या ऋतूंतून फिरून येते. ती कोणत्याच ऋतूची मिंधी नाहीं. २०२४ च्या त्या आठवड्यांत ती वर्षाच्या माथ्याजवळ आली होती, ती वाटसरासारखी.

आम्हीं दुसरा मार्ग धरला. तूट सांचूं द्यावयाची आणि महिनाभर झाली कीं एक अधिक मास घालावयाचा. एकोणीस वर्षांत असे सात महिने घालावे लागतात. आतां नातवाच्या आक्षेपाला उत्तर देतां येतें. वटपौर्णिमा २०२३ सालीं ३ जूनला होती, २०२४ सालीं २१ जूनला, २०२५ सालीं १० जूनला. २०२६ सालीं १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ येतो, म्हणून त्या सालची वटपौर्णिमा २९ जूनला. ३, २१, १०, २९. ती दरसाल हलते खरी, पण झोंपाळा हलतो तशी. दोर वरच्या फांदीला बांधलेलाच असतो. मागें गेली कीं अधिक मास तिला पुढें आणतो, आणि जून महिना सोडून ती सहसा दूर जात नाहीं.

येथें मला त्या इंग्रज प्राध्यापकाची पुन्हां आठवण झाली. त्यानें आपल्या कल्पित पंचांगांतील मध्यग्रीष्माच्या दिवसांना जें नांव दिलें आहे, तें त्यानें मनानें रचलेलें नाहीं. बीड नांवाच्या इंग्रज साधूनें ७२५ सालच्या सुमारास कालगणनेवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यांत तो सांगतो कीं, ख्रिस्ती होण्यापूर्वीं इंग्रज लोक चंद्राचे महिने मोजीत. जून आणि जुलैच्या सुमाराच्या दोन महिन्यांना 'लिथा' असें एकच नांव होतें. आणि तूट भरून काढावयाची झाली म्हणजे ते ऐन उन्हाळ्यांत तिसरा लिथा घालीत. म्हणजे काय झालें? आमच्या अधिक ज्येष्ठाचा भाऊच तो! एका इंग्रज लेखकाच्या अद्भुतकथेचें पान उलटतांना वसईच्या ओटीवर अधिक मासच भेटला, हें पाहून मला जो आनंद झाला तो आपणांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

तथापि आमच्या पंचांगाची एक गोष्ट काळजीची आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या राशी आणि नक्षत्रें आम्ही आकाशांतील ताऱ्यांवरून मोजतों. पण पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें हळूहळू डोलत असल्यामुळें ऋतु आणि तारे ह्यांची सांगड सुटत जाते. बहात्तर वर्षांत सुमारें एक दिवस. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं सूर्य कर्क राशींत शिरे त्याच दिवशीं दक्षिणायन लागत असे. आज खरें दक्षिणायन २१ जूनला लागतें आणि पंचांगांतील कर्कसंक्रांत १६ जुलैला येते. दक्षिणायन ही देवांची रात्र, म्हणून आषाढी एकादशीस देव निजतात. आमच्या वर्षाच्या माथ्यावरचा खरा मोठा सण तोच. २०२४ सालीं ती एकादशी १७ जुलैला आली, कर्कसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं. पंचांगाच्या आंत सर्व कांहीं जेथल्या तेथें आहे. फक्त आकाशांतला सूर्य पंचवीस दिवस आधींच फिरलेला असतो.

शेतकऱ्याच्या मृगाचेंही तेंच. आज मृग जूनच्या सात-आठ तारखेस लागतो. तुकोबांच्या काळीं तो पांच दिवस आधीं लागत असे. आज आर्द्रा २२ जूनच्या सुमारास निघते आणि दक्षिणायनाशीं तिची गांठ पडते, हें आमच्या पिढीचें भाग्य समजावें. ही गांठ कायमची नाहीं. आणखी दोन हजार वर्षांनीं मृग निघेपर्यंत जुलै लागलेला असेल, आणि मृगाच्या भरंवशावर पेरणी करणारा कोणी उरला असलाच तर तो फसेल.

हें दुखणें आमच्या विद्वानांनीं ओळखलें नव्हतें असें नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनीं १८९६ सालीं आपला 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दीक्षित हे मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीस लागलेले गृहस्थ. कांहीं काळ ते आमच्या शेजारच्या ठाण्यासही होते. पंचांग ऋतूंना धरून, म्हणजे सायन पद्धतीनें, असावें असें त्यांचें मत होतें. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग सुधारणा समिति नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यांत आषाढाची पहिली तारीख २२ जूनला खिळविलेली आहे. सूर्य टोकाला जाऊन परत फिरला कीं आषाढ लागला! उन्हाळ्याच्या बाजूस सूर्याची गति किंचित् मंद असते, म्हणून वैशाख ते भाद्रपद हे पांचही महिने एकतीस दिवसांचे केले आहेत. शास्त्रदृष्ट्या हें पंचांग निर्दोष म्हणावें इतकें चांगलें आहे. तरी पंढरीच्या वाटेवरचा एकही वारकरी त्याच्या आषाढाप्रमाणें घरांतून निघत नाहीं, आणि एकही वड त्याच्या ज्येष्ठाप्रमाणें पुजला जात नाहीं.

असें कां व्हावें? नातवानें हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनें विचारला. "त्या पुस्तकांतल्यासारखें सोपें पंचांग सगळे मिळून कां करीत नाहींत?" तसा प्रयत्नही झालेला आहे. गेल्या शतकांत 'जागतिक दिनदर्शिका' म्हणून एक योजना पुढें आली. तिच्यांत वर्षाच्या शेवटीं एक दिवस आणि लीप वर्षीं जूनच्या अखेरीस आणखी एक दिवस वारावांचून ठेवावयाचा होता. अगदीं त्या अद्भुतकथेंतल्याप्रमाणें. १९५० नंतरच्या दशकांत भारतानेंच ती संयुक्त राष्ट्रसंघापुढें आग्रहानें मांडली होती. ती बारगळली. मुख्य अडचण वाराची. एक दिवस वारावांचून सोडला कीं त्यापुढचा रविवार खरा सातवा दिवस राहत नाहीं; ज्यूंचा शनिवार, ख्रिस्त्यांचा रविवार, मुसलमानांचा शुक्रवार, सगळेच सरकतात. पोपनेंही १५८२ सालीं दहा तारखा गाळल्या, पण गुरुवारनंतर शुक्रवारच ठेवला, तो ह्यासाठींच. पंचांग म्हणजे केवळ सूर्यचंद्रांचा जमाखर्च नव्हे. तो शेजाऱ्याशेजाऱ्यांतला करारही आहे, आणि करारांतला एक शब्द बदलावयाचा तर सर्वांची सही लागते. कथेंतल्या लोकांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्या गांवांत एकच पंचांग होतें. आमच्या वसईंत तसें कधींच नव्हतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. वसईचा मध्यग्रीष्म कोणता? माझें उत्तर असें आहे. तो एक दिवस नाहीं. पहिल्या पावसापासून भाताच्या लावणीपर्यंतचा तो काळ आहे, आणि त्याची खूण आकाशांत नसून जमिनीवर आहे. आमच्या पश्चिम पट्ट्यांतील वाड्यांत बावखलें आहेत. ज्या श्रोत्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठीं सांगतों. बावखल म्हणजे वाडींत खणलेलें मोठें तळें. पावसाचें गोडें पाणी त्यांत सांठतें, आसपासच्या विहिरींना झिरपतें, आणि पुढें उन्हाळ्यांत त्यावर केळी, पानवेली, फुलें, भाजीपाला जगतो. समुद्राच्या इतक्या जवळ गोडें पाणी टिकलें तें ह्या बावखलांच्या जोरावर. बावखल भरलें, बेडूक ओरडूं लागले, आवणांत भाताचीं रोपें हिरवीं झालीं, कीं कोणत्याही धर्माच्या वसईकराला कळतें कीं वर्ष माथ्यावरून उतरणीला लागलें.

आणि येथेंच मला भीति वाटते ती सांगतों. पंचांगांतली चूक बहात्तर वर्षांत एक दिवस अशा बेतानें वाढते. ती दुरुस्त करावयास आपल्यापाशीं कित्येक शतकें आहेत. पण बावखल बुजवावयास दोन-चार दिवस आणि कांहीं डंपर माती पुरते. गेल्या चाळीस वर्षांत किती बावखलें अशीं गेलीं आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या, तें जुन्या वसईकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. जुलै २०१८ च्या पावसांत वसई-विरार पाण्याखालीं गेलें, तेव्हां घरांत शिरलेलें पाणी जणूं आपली जुनी जागा विचारीत फिरत होतें. आज कांहीं गांवांतील तरुण मंडळी उरलेलीं बावखलें स्वच्छ करीत आहेत, त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. सणाची तारीख दिनदर्शिकेंत छापून मिळते. परंतु ज्या दिवशीं उडी टाकावयाला विहीर नसेल, सूत गुंडाळावयाला वड नसेल आणि लावणीला शेत नसेल, त्या दिवशीं तारीख कितीही बिनचूक असली तरी सण कोठें उरला? मग आमच्याही पंचांगाचें त्या अद्भुतकथेंतल्या परिशिष्टासारखेंच होईल. वाचावयाला मोठें गोड, पण ज्या गांवाचें तें आहे तो गांवच नाहीं.

जूनच्या अखेरीस एके दुपारीं पाऊस थांबून घटकाभर ऊन पडलें. नातू काठीकडे धांवला. पावणेएक वाजत आले होते. सावली विटेएवढीही नव्हती, पण दक्षिणेकडे वळलेली होती. त्यानें पट्टीनें ती मोजली आणि मला हांक मारली. मी अंगणांत जाऊन पोंचेपर्यंत ढग पुन्हां आला, आणि आम्ही दोघे आजोबा-नातू मागच्या बाजूचें बावखल किती भरलें तें पाहावयास निघालों. कांठचा दगड अजून वीतभर उघडा होता.